वाचकांचे प्रश्न : चॅटच्या खिडकीत स्वतःची बटणे

गेल्या अंकात आयआरसी या मजकुरी गप्पांच्या पद्धतीविषयी लेख छापल्यानंतर मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून पत्रे आली. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली ही पद्धत कमी वेगाच्या इंटरनेटवर आणि जुन्या संगणकावरही नीट चालते, त्यामुळे ती वापरणारे आपल्याकडे अजूनही आहेत. बहुतेक पत्रांतील विचारणा एकच आहे : रोज टंकाव्या लागणाऱ्या आज्ञांसाठी स्क्रिप्ट लिहून खिडकीत स्वतःची बटणे किंवा टूलबार कसा जोडावा? निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. हेक्सचॅट, एम-आयआरसी, कॉन्व्हर्सेशन आणि वीचॅट हे आयआरसी वापरण्याचे निरनिराळे प्रोग्राम आहेत. चॅनेल म्हणजे त्यांतील गप्पांची सामायिक खोली, आणि स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्रामला जोडायची, आपण लिहिलेली छोटी आज्ञावली. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकावीत.

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाचा आयआरसीवर एक चॅनेल आहे. मोंढ्यातले सौदे झाले की सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे भाव मी एका मजकूर-फाइलमध्ये लिहितो आणि मग एकेक ओळ चॅनेलवर चिकटवतो. हेक्सचॅटमध्ये असे बटण करता येईल का, की ते दाबताच फाइलमधल्या सगळ्या ओळी चॅनेलवर जातील? टूलबार जोडण्याची सोय मला कोठेच सापडली नाही. — एक वाचक, लातूर

उत्तर : हेक्सचॅटमध्ये चित्रांच्या बटणांचा नेहमीचा टूलबार नाही आणि स्क्रिप्टला तो तयार करण्याची सोपी सोयही दिलेली नाही, म्हणून आपल्याला ती सापडली नाही. तथापि आपली बटणे बसवण्यासाठी दोन जागा त्यात आहेत. पहिली जागा सदस्यांच्या यादीखालची. सेटिंग्ज मेनूतील ‘यूझरलिस्ट बटन्स’ उघडल्यास तेथे दोन रकाने दिसतात, एक बटणाच्या नावाचा आणि दुसरा त्यामागच्या आज्ञेचा. बटणांची ओळ पडद्यावर दिसत नसेल, तर व्ह्यू मेनूतून ती चालू करावी. हेच काम ‘ॲडबटन’ आणि ‘डेलबटन’ या आज्ञांनीही होते, त्यामुळे स्क्रिप्टला बटण घालता किंवा काढता येते. दुसरी जागा म्हणजे वरची मेनूपट्टी. ‘मेनू ॲड’ या आज्ञेने तेथे आधी ‘मोंढा’ हा मुख्य मेनू घालावा आणि मग तिरकी रेघ देऊन ‘मोंढा/आजचे भाव’ ही त्याखालची ओळ घालावी. मेनूतील अशा भरी हेक्सचॅट बंद केल्यावर टिकत नाहीत, म्हणून स्क्रिप्ट लोड होताना त्या घालण्याची आणि अनलोड होताना काढण्याची व्यवस्था स्क्रिप्टमध्येच करावी.

बटण कोठेही बसवले, तरी ते आज्ञेला हाक मारण्यापलीकडे काही करत नाही. खरे काम आज्ञेचे आहे, आणि ती आधी हाताने टंकून नीट चालते अशी खात्री झाल्याशिवाय बटणाकडे वळू नये, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

आपल्या कामासाठी पायथन या संगणकभाषेत लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट पुरेशी आहे. ती सेटिंग्जच्या फोल्डरमधील ‘ॲडऑन्स’ या उपफोल्डरमध्ये ठेवली की हेक्सचॅट सुरू होताना आपोआप लोड होते. स्क्रिप्टमध्ये ‘हूक कमांड’ वापरून ‘भाव’ नावाची आज्ञा नोंदवावी आणि तिच्यामागे एक फंक्शन लिहावे, ज्याने फाइल उघडावी, ओळी वाचाव्यात आणि प्रत्येक ओळ ‘से’ या आज्ञेने चॅनेलवर पाठवावी. फंक्शनच्या शेवटी ‘ईट ऑल’ हे मूल्य परत करायला विसरू नये. ते केले नाही तर हेक्सचॅट ती आज्ञा तशीच पुढे सर्व्हरकडे पाठवतो, सर्व्हरला ‘भाव’ म्हणजे काय हे ठाऊक नसते आणि अनोळखी आज्ञा असल्याचा ४२१ क्रमांकाचा निरोप प्रत्येक वेळी परत येतो.

येथपर्यंतचे काम अर्ध्या तासात होते. मराठी मजकूर आणि रोजचा वापर आला, की पुढच्या अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण फाइलची. विंडोजवर पायथन मजकूर-फाइल उघडताना स्वतःहून यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) गृहीत धरेलच असे नाही आणि मग देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे येतात, म्हणून फाइल उघडतानाच एन्कोडिंग स्पष्ट सांगावे. नोटपॅडमध्ये जतन केलेल्या काही फाइलींच्या आरंभी एक अदृश्य चिन्ह असते आणि ते पहिल्या ओळीला चिकटून चॅनेलवर जाते. एन्कोडिंगचे नाव ‘यूटीएफ-८-सिग’ असे दिल्यास ते वाचतानाच गळून पडते.

दुसरी अडचण वेगाची. आयआरसीच्या १९९३ च्या मूळ दस्तऐवजात सर्व्हरने एकाच सदस्याच्या भडिमाराला आवर कसा घालावा हे सांगितलेले आहे : प्रत्येक निरोपामागे २ सेकंदांचा दंड, आणि हा दंड १० सेकंदांपर्यंत साचेपर्यंतच निरोप लगेच हाताळायचे. आजचे सर्व्हर आपापले नियम लावतात, पण रोख तोच आहे. आपण बटण दाबले आणि १५ ओळी एका क्षणात निघाल्या, तर शेवटच्या ओळी रखडतील किंवा सर्व्हर आपली जोडणीच तोडून टाकील. म्हणून सगळ्या ओळी आधी यादीत घ्याव्यात आणि ‘हूक टायमर’ने दर २००० मिलिसेकंदांनी एक ओळ सोडावी. टायमरमागच्या फंक्शनने खरे मूल्य (‘ट्रू’) परत केले तर टायमर पुढे चालू राहतो आणि खोटे मूल्य (‘फॉल्स’) दिले तर थांबतो, त्यामुळे यादी संपली की खोटे मूल्य द्यावे.

टायमर आला की तिसरी अडचण येते आणि ती सहसा सर्वांसमोर लक्षात येते. भाव जात असताना आपण दुसरा टॅब उघडलात, तर टायमरच्या पुढच्या ओळी त्या क्षणी समोर असलेल्या चॅनेलवर जाऊ शकतात आणि तुरीचा भाव भलत्याच मंडळींना मिळतो. उपाय सोपा आहे. बटण दाबल्याक्षणी ‘गेट कॉन्टेक्स्ट’ने चालू चॅनेलचा संदर्भ एका चलात जतन करावा आणि प्रत्येक ओळ त्या संदर्भाच्याच ‘कमांड’मधून पाठवावी. मग आपण कोणताही टॅब उघडा, ओळी योग्य ठिकाणीच जातील.

चौथी गोष्ट ओळीच्या लांबीची. आयआरसीच्या एका निरोपाला, शेवटच्या दोन नियंत्रण-बाइटांसह, ५१२ बाइटांची मर्यादा आहे, आणि पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता व चॅनेलचे नाव हेही त्यातच मोजले जाते. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘सोयाबीन’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण त्यात ७ चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. ‘क्विंटल’ या शब्दालाही तेवढेच लागतात. नाव-पत्त्याची जागा सोडून मजकुराला सुमारे ४०० बाइट उरले असे धरले, तर मराठीत एका ओळीत साधारण १३० चिन्हे बसतात. बरेच प्रोग्राम लांब ओळ आपोआप तोडतात, पण ती तोड पिकाचे नाव आणि त्याचा भाव यांच्यामध्येच पडली तर वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. म्हणून एका पिकाला एक ओळ ठेवावी, आणि तिच्यात किमान, कमाल व सर्वसाधारण दर याच क्रमाने द्यावेत. जागा कमी पडत असेल तर आकडे रोमन लिपीत लिहावेत, प्रत्येक अंकामागे दोन बाइट वाचतात.

शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. ओळी हाताने चिकटवताना आपली नजर त्यांवरून फिरते. बटण दाबताना ती फिरत नाही. फाइल अद्ययावत करायची राहिली, तर बटण कालचेच भाव आजचे म्हणून चॅनेलवर टाकील, आणि त्यावर भरवसा ठेवून कोणी औशाहून किंवा रेणापूरहून माल भरून निघू शकेल. म्हणून फंक्शनच्या आरंभी फाइल शेवटची केव्हा बदलली हे तपासावे, ती तारीख आजची नसेल तर एकही ओळ न पाठवता फक्त आपल्याच पडद्यावर ‘फाइल जुनी आहे’ असा निरोप दाखवावा, आणि पहिल्या ओळीत तारीख आपोआप घालावी. पायथनमध्ये या तपासणीला तीन-चार ओळींपेक्षा जास्त लागत नाही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत आतल्या नेटवर्कवर आयआरसीचा सर्व्हर आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी विद्यार्थी चॅनेलवर शंका विचारतात. ‘शंका नोंदवली’ असे उत्तर देणारे बटण मी हेक्सचॅटमध्ये केले, पण पाच विद्यार्थी निवडून बटण दाबले की एकच निरोप पाच वेळा जातो. तसेच एखाद्याला चॅनेलबाहेर काढण्याचे बटण शेजारीच ठेवणे योग्य आहे का? — एक प्रयोगशाळा साहाय्यक, नांदेड

उत्तर : आपल्या आज्ञेत ‘टक्का एस’, म्हणजे टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे रोमन एस, ही खूण असणार. तिच्या जागी निवडलेल्या सदस्याचे नाव येते आणि अनेक सदस्य निवडले असतील तर आज्ञा प्रत्येकासाठी एकदा चालते. त्याऐवजी ‘टक्का ए’ लिहिल्यास सगळ्या निवडलेल्यांची नावे एकाच ओळीत येतात आणि निरोप एकदाच जातो. ‘टक्का सी’ म्हणजे चालू चॅनेल आणि ‘टक्का एन’ म्हणजे आपले स्वतःचे नाव, या दोन खुणाही आपल्याला उपयोगी पडतील. बटणामागची आज्ञा लिहिताना आरंभी तिरकी रेघ देऊ नये.

काढून टाकण्याच्या बटणाविषयी हेक्सचॅटनेच चांगला पायंडा घातला आहे. त्याच्यासोबत आयते येणारे ‘किक’ बटण दाबल्यावर सदस्य लगेच बाहेर जात नाही; आधी एक छोटी खिडकी कारण विचारते. ही किमया ‘गेटस्टर’ या आज्ञेची आहे : तिला आधीच भरून ठेवायचा मजकूर, चालवायची आज्ञा आणि विचारायचा प्रश्न या तीन गोष्टी द्याव्या लागतात. ज्या बटणाचा परिणाम दुसऱ्यावर होतो आणि मागे घेता येत नाही, त्याच्यामागे अशी विचारणा असायलाच हवी. विद्यार्थ्याला चुकून बाहेर काढले तर तो परत येऊ शकतो हे खरे, पण भर वर्गात त्याची शोभा होते ती होतेच. शिवाय दोन्ही बटणांमध्ये निदान एका निरुपद्रवी बटणाचे अंतर ठेवावे.

लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्या वाचकांसाठी येथेच सांगतो की कॉन्व्हर्सेशन या प्रोग्राममध्ये अशीच ‘क्विक बटन्स’ आहेत. तेथे आज्ञेच्या शेवटी ‘टक्का एन’ लिहिले तरच ती थेट पाठवली जाते. न लिहिल्यास मजकूर लिहिण्याच्या चौकटीत येऊन थांबतो आणि आपण तो वाचून, हवा तसा बदलून पाठवू शकतो. आम्हाला ही रीत फार पसंत आहे. ‘टक्का एन’चा हेक्सचॅटमधील अर्थ वेगळा आहे, तेवढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी विंडोजवर एम-आयआरसी वापरते. त्यात खराखुरा टूलबार आहे, पण त्यात आपले बटण घालता येते का? चॅनेलवरील एका अनोळखी सदस्याने मला एक लांबलचक ओळ पाठवली आणि ती चौकटीत चिकटवली की आयता टूलबार तयार होईल असे सांगितले. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा आहेत आणि मध्ये ‘डीकोड’ असा शब्द आहे. ती चालवू का? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ती ओळ मुळीच चालवू नये. एम-आयआरसीमध्ये दोन तिरक्या रेघांनी सुरू झालेल्या ओळीतील सगळी चले आणि डॉलरचिन्हाने सुरू होणारे शब्द आधी उलगडले जातात. ‘डीकोड’ हा त्यांतलाच एक शब्द असून, गुंडाळून अनाकलनीय केलेला मजकूर तो मूळ रूपात आणतो. म्हणजे आपल्याला दिसते ती अक्षरांची रांग आणि चालते ती तिच्या आत दडवलेली, आपण कधीही न वाचलेली आज्ञा. अशा ओळीने आपल्या संगणकावर स्क्रिप्ट लिहिली जाऊ शकते आणि तिच्यामार्फत आपल्या नावाने इतरांनाही तीच ओळ जाऊ शकते. नवख्या सदस्यांना फसवण्याची ही जुनी युक्ती आहे. पर्यायांच्या खिडकीतील ‘लॉक’ विभागात ‘डीकोड’ आणि बाहेरचे प्रोग्राम चालवणारी ‘रन’ आज्ञा बंद ठेवण्याची सोय आहे. ती वापरावी, आणि कोणी ‘एवढे कुलूप काढा’ असे सांगितले तर त्या माणसाशी बोलणे थांबवावे.

आता टूलबारविषयी. खालेद मर्दम-बे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रोग्रामची स्वतःची स्क्रिप्टभाषा आहे आणि तिच्यात ‘टूलबार’ नावाचीच आज्ञा आहे. बटणाचे नाव, माउस वर नेल्यावर दिसणारी सूचना, चित्र आणि दाबल्यावर चालणारी आज्ञा या गोष्टी तिला द्यायच्या असतात. बटण घालणे, काढणे, दोन बटणांत दुभाजक टाकणे आणि टूलबार मूळ रूपात आणणे ही कामे निरनिराळ्या खुणांनी होतात. त्या खुणा प्रोग्रामच्या मदत-फाइलीत ‘टूलबार’ या शब्दाखाली एकत्र दिल्या आहेत. आल्ट आणि आर दाबून स्क्रिप्टची खिडकी उघडावी, तेथे ‘एलिअस’ (आपण नाव दिलेली आज्ञा) म्हणून आपली आज्ञा लिहावी आणि टूलबारच्या बटणाला त्या एलिअसचे फक्त नाव द्यावे. लांबलचक आज्ञा थेट बटणात कोंबू नये, कारण पुढे बदल करायचा झाला की तिच्यात चूक शोधणे अवघड जाते. प्रोग्राम सुरू होताना बटणे तपासून घालायची असतील तर ‘ऑन स्टार्ट’ या घटनेखाली टूलबारची आज्ञा लिहावी. देवनागरी मजकूर पाठवायचा असेल तर २०१० मध्ये आलेली ७ वी आवृत्ती किंवा तिच्यापुढची हवी, पूर्ण युनिकोड तेव्हापासून आहे.

दोन बारकावे या निमित्ताने सांगून ठेवतो. फाइलमधील ओळ वाचणारा ‘रीड’ हा शब्द वाचलेल्या ओळीतील डॉलरची आणि टक्क्याची चिन्हेही उलगडू पाहतो, म्हणून इतरांनी लिहिलेला मजकूर वाचताना त्याला ‘एन’ ही खूण अवश्य द्यावी. तसेच टायमरने पुढे ढकललेली आज्ञा दुसऱ्यांदा उलगडली जाते. तिच्यात दुसऱ्याच्या निरोपातील शब्द असतील तर ते ‘अनसेफ’मध्ये गुंडाळून द्यावेत. हे न केल्यास परक्याने लिहिलेला शब्द आपल्या संगणकावर आज्ञेसारखा चालू शकतो. हेक्सचॅटच्या पायथन स्क्रिप्टचाही धोका कमी नाही : तिला आपल्या खात्याचे सगळे अधिकार मिळतात, म्हणजे आपण जी फाइल उघडू किंवा पुसू शकतो ती तिलाही पुसता येते. वाचून समजली नाही ती स्क्रिप्ट लोड करू नये.

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, म्हणून मी टर्मिनलमधला (फक्त मजकूर दाखवणाऱ्या खिडकीतला) वीचॅट वापरतो. तेथे बटणे अशक्यच ना? — एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : शक्य आहेत. त्याच नावासारखे ऐकू येणारे चिनी मोबाइल ॲप वेगळे. २००३ पासून विकसित होत असलेल्या या मुक्त प्रोग्राममध्ये ‘बार’ ही संकल्पनाच मुळात आहे, आणि खिडकीला पट्ट्या जोडण्याच्या बाबतीत तो हेक्सचॅट आणि एम-आयआरसी या दोन्हींपेक्षा मोकळा आहे. ‘बार ॲड’ या आज्ञेला पट्टीचे नाव, तिचा प्रकार, वर-खाली-डावी-उजवी यांपैकी जागा, आकार आणि तिच्यातले घटक सांगितले की पट्टी तयार होते. आकार ० दिला तर तो मजकुराप्रमाणे आपोआप ठरतो. घटक स्क्रिप्टमधून ‘बार आयटम न्यू’ने करावा; त्यामागचे फंक्शन जो मजकूर परत करील तो पट्टीवर दिसतो आणि ‘बार आयटम अपडेट’ म्हटले की तो नव्याने काढला जातो. त्यामुळे पट्टीवर नुसते बटण न ठेवता चालू माहितीही दाखवता येते, उदाहरणार्थ किती शंकांना अजून उत्तर दिलेले नाही याचा आकडा. ‘माउस एनेबल’ केल्यावर त्या घटकावरील टिचकीला आज्ञा जोडता येते, पण टर्मिनलमध्ये माउसपेक्षा ‘की बाइंड’ने आल्टसोबत एखादे अक्षर बांधणे सोयीचे पडते. पट्टीवरील मराठी शब्द आखूड आणि शक्यतो जोडाक्षराविना ठेवावेत. बऱ्याच टर्मिनलांत प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन असतो आणि जोडाक्षरे व मात्रा त्यात नीट बसत नाहीत, त्यामुळे ‘भाव’ किंवा ‘हजर’ चालून जाते, पण ‘प्रात्यक्षिक’ विसकटते.

प्रश्न : हेक्सचॅटची माझी बटणे दुसऱ्या संगणकावर कशी न्यावीत? आणि त्याचा विकास थांबला आहे असे ऐकले, तर मेहनत वाया जाईल का? — एक वाचक, जालना

उत्तर : हेक्सचॅट बंद करावा आणि सेटिंग्जच्या फोल्डरमधील ‘बटन्स डॉट कॉन्फ’ ही फाइल नव्या संगणकावरील त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. खासगी संभाषणाच्या खिडकीतील बटणांसाठी ‘डीएलजीबटन्स डॉट कॉन्फ’ ही वेगळी फाइल आहे, तीही न्यावी, आणि ‘ॲडऑन्स’मधील स्क्रिप्ट तर न्यायलाच हव्यात. फाइल नेण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी. अनेक जण नाव नोंदणीचा पासवर्ड बटणाच्या आज्ञेत लिहून ठेवतात. तो तेथे उघडा राहतो आणि आज्ञेत एखादी चूक झाली तर भर चॅनेलवर जातो. पासवर्ड नेटवर्कच्या सेटिंगमध्ये सॅसल पद्धतीने (जोडणी होतानाच ओळख पटवण्याच्या पद्धतीने) द्यावा.

विकासाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. फेब्रुवारी २०२४ मधील २.१६.२ ही आवृत्ती अखेरची असल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. आहे तो प्रोग्राम चालू राहतो, पण नव्याने लिहिणाऱ्यांनी भाव वाचणे, तारीख तपासणे, ओळींची लांबी मोजणे ही कामे पायथनच्या एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत आणि हेक्सचॅटशी बोलणाऱ्या ओळी दुसऱ्या फाइलमध्ये. वीचॅटलाही पायथन चालते, त्यामुळे उद्या तिकडे जायचे ठरले तर दुसरी छोटी फाइल तेवढी नव्याने लिहावी लागेल.